चढणीचे मासे

चढणीचे मासे म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी, पहिल्या पुराच्या गढूळ पाण्याबरोबर, अंडी घालण्यासाठी नदीच्या डोहांतून किंवा तलावांतून बाहेर पडून ओढे, नाले, पाणी साचलेली शेते आणि गवताळ काठ यांकडे प्रवाहाच्या उलट दिशेने चढून येणारे गोड्या पाण्यातील मासे होत. हे कोणत्याही एका जातीचे नाव नाही. वर्षातील एका अल्पकाळात अनेक जातींच्या माशांमध्ये एकाच वेळी दिसून येणाऱ्या वर्तनाचे ते नाव आहे. एरवी खोल पाण्यात दडून राहणारे मासे या काळात घोटाभर पाण्यात, कधी कधी तर पाठ उघडी पडेल इतक्या उथळ पाण्यात येतात. त्यामुळे काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला ते सहज दिसतात, आणि सहज मारताही येतात.

ही घटना महाराष्ट्राच्या सर्व नदीखोऱ्यांत घडते. कोकणातील तिचे वर्णन पुष्कळ झाले आहे. मात्र तापी खोऱ्यातील खानदेशात, म्हणजे मुख्यतः जळगाव व धुळे जिल्ह्यांत, पाऊस कमी आणि अनियमित असल्यामुळे तिचे स्वरूप निराळे आहे.

नाव व नोंदी

रायगड, ठाणे व पालघर या पट्ट्यात या घटनेला वलगण म्हणतात, आणि त्या वेळी सापडणाऱ्या माशांना वलगणीचे मासे. दक्षिण कोकण आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतच्या भागात चढणीचे मासे हा शब्दप्रयोग रूढ आहे. पाऊस ओसरताना हे मासे व त्यांची पिले पुन्हा मोठ्या पाण्याकडे परततात. त्यांना काही ठिकाणी उतरणीचे मासे म्हटले जाते. चढण आणि उतरण हे दोन्ही शब्द एरवी घाटवाटेसाठी वापरले जातात. येथे ते माशांच्या वाटेला लावले गेले आहेत आणि ते शब्दशः खरे आहेत.

दख्खनच्या माशांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात प्रसिद्ध केली. त्यांनी अनेक जातींना येथील मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच दिली. महसीर माशाच्या एका जातीचे ‘खुद्री’ आणि नाकावर गाठ असलेल्या एका माशाचे ‘नुक्ता’ ही जातिनामे जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आजही तशीच आहेत. मराठी शब्द प्राणिशास्त्राच्या लॅटिन नामावलीत जाऊन बसल्याची ही उदाहरणे मराठीच्या अभ्यासकांच्या फारशी लक्षात येत नाहीत.

यानंतर फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायावर सविस्तर अहवाल सादर केला. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी चढणारे मासे व त्यांची पिले यांचा बांध, सापळे आणि बारीक आसाची जाळी यांमुळे होणारा नाश हा त्या अहवालाचा एक प्रमुख विषय होता. नद्यांवर बांधल्या जाणाऱ्या बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवावी, हा मुद्दाही त्यांनी मांडला होता. दीडशे वर्षांपूर्वीचा तो मुद्दा आज कालबाह्य झाला आहे, असे म्हणता येत नाही.

कारणे व यंत्रणा

भारतीय द्वीपकल्पातील बहुतेक कार्पवर्गीय माशांचा प्रजननकाळ जून ते ऑगस्ट असा असतो. त्याची तयारी मात्र बरीच आधी, फेब्रुवारी-मार्चपासून, सुरू होते. दिवस मोठा होत जातो, पाण्याचे तापमान वाढते आणि माशांच्या अंडाशयांची वाढ होऊ लागते. मे महिन्याच्या अखेरीस मादी अंड्यांनी भरलेली असते, पण अंडी घालत नाही. त्यासाठी तिला एक शेवटची खूण लागते, आणि ती खूण म्हणजे पूर. पाण्याची पातळी अचानक वाढणे, प्रवाह सुरू होणे, तापमान काही अंशांनी उतरणे, पाणी गढूळ होणे, पावसाच्या पाण्यामुळे त्यातील क्षारांचे प्रमाण घटणे, या साऱ्यांचा एकत्रित परिणाम माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीवर होतो. तिच्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे अंडी पक्व होऊन काही तासांत बाहेर टाकण्याजोगी होतात.

पूर आलाच नाही, तर ती अंडी शरीरातच हळूहळू विरून शोषली जातात आणि ते वर्ष वाया जाते. बंदिस्त तळ्यात वाढवलेले रोहू, कटला, मृगळ हे मासे अंड्यांनी भरूनही अंडी घालत नाहीत, याचे कारण हेच होय. या अडचणीमुळे मत्स्यबीजासाठी पूर्वी केवळ नद्यांवर अवलंबून राहावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. नदीतील पूर जी खूण देतो, तीच सुईने दिली गेली. भारतात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ.

उथळ पाण्यातच अंडी का, याचे उत्तर पिलांच्या अन्नात आहे. वर्षभर कोरडी पडलेली जमीन पाण्याखाली येते तेव्हा तिच्यातील शेण, पालापाचोळा व कुजलेले गवत यांमुळे काही दिवसांतच सूक्ष्म जीवांची प्रचंड वाढ होते. तेथील पाणी कोमट असते, प्राणवायू भरपूर असतो आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. रोहूसारख्या माशाची अंडी २७ ते ३० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात साधारणतः १४ ते २० तासांत फुटतात. सुमारे तीन दिवसांत पिलाच्या पोटाशी असलेला बलक संपतो आणि त्याला बाहेरचे अन्न शोधावे लागते. ते अन्न पुराने नुकत्याच भिजवलेल्या जमिनीवर तयार झालेले असते. एक किलो वजनाच्या रोहू मादीत अंड्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास असते. एवढ्या अंड्यांतून मोठे होऊन परत येणारे मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

सर्व जातींची रीत एकसारखी नसते. मोठ्या कार्पांची अंडी चिकट नसतात. ती पाणी शोषून फुगतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. खवल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान माशांची अंडी बहुधा चिकट असून ती बुडालेल्या गवताला लागून राहतात. मरळ काठच्या पाणवनस्पतींत घरटे करते, तिची अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिले बाहेर आल्यावर आईबाप त्यांच्या तांबूस झुंडीची राखण करतात. मरळ, मांगूर व शिंगी हे मासे हवेतूनही श्वास घेऊ शकतात. त्यामुळे पावसाच्या रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाताना ते दिसतात. ‘आभाळातून मासे पडले’ अशा ज्या गोष्टी खेड्यांत सांगितल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा गोष्टींचा उलगडा या मंडळींच्या रात्रीच्या प्रवासाने होतो.

खानदेशातील स्वरूप

कोकणात मृग लागला की पाऊस सहसा हुलकावणी देत नाही. भातखाचरे भरतात, ती ओढ्याला व ओढा खाडीला किंवा नदीला जोडलेला असतो, आणि माशांना पाण्याची अखंड वाट मिळते. खानदेशात यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या सपाट भागात वार्षिक पाऊस सर्वसाधारणपणे ६०० ते ७०० मिलिमीटरच्या घरात, कोकणात त्याच्या चौपटीहून अधिक. येथील शेते भाताची नसून कापूस, ज्वारी, मका व केळी यांची आहेत. पाणी साचून राहणे हे येथे पिकाचे नुकसान मानले जाते. तेव्हा खानदेशात मासे शेतात चढतात असे म्हणण्यापेक्षा ते उपनद्या, नाले, लवणे आणि तलावांचे गवताळ काठ यांकडे चढतात, असे म्हणणे अधिक योग्य.

तापी नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, बुराई, अरुणावती अशा उपनद्या येतात. पांझरा साक्री तालुक्यात उगम पावून धुळे शहरातून वाहते आणि शिंदखेडा तालुक्यातील मुडावद येथे तापीस मिळते. या उपनद्यांपैकी बहुतेकींचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. खडकाच्या खळग्यांत, पुलांच्या खाली, बंधाऱ्यांच्या पायथ्याशी थोडे डोह तेवढे उरतात. पुढच्या पावसात चढणारे सारे मासे या डोहांत उन्हाळा काढतात. म्हणून खानदेशात चढणीचा विचार जूनपासून नव्हे, एप्रिल-मेपासून करावा लागतो. मे महिन्यात पंप लावून डोह उपसला गेला, किंवा पाणी आटत आलेल्या डोहातील मासे सरसकट काढले गेले, तर जूनमध्ये पूर येऊनही चढायला मासा शिल्लक राहत नाही.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. लाल मखमली मृगाचे किडे शेतात दिसू लागतात आणि वळवाच्या किंवा मोसमी पावसाची पहिली मोठी सर येते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते, त्यामुळे पहिले बरेचसे पाणी ती गिळून टाकते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दमदार पावसानंतर नाले वाहू लागतात आणि डोह एकमेकांना जोडले जातात. याच एक-दोन दिवसांत चढण घडते. काही वर्षी ती जूनच्या मध्याला होते, तर काही वर्षी जुलै उजाडला तरी होत नाही.

खानदेशातील खरा धोका पावसाच्या खंडाचा आहे. पहिल्या पुरात मासे नाल्यात चढतात, अंडी घालतात, आणि मग दोन-तीन आठवडे पाऊस दडी मारतो. नाला आटतो, मोठे मासे लहानशा डबक्यात अडकतात, अंडी व पिले चिखलात सुकतात. अशा डबक्यांभोवती बगळे, ढोकरी आणि करकोचे दिवसभर बसून असतात. पक्ष्यांच्या दृष्टीने ती मेजवानी असते आणि त्यात अनैसर्गिक काही नाही. ज्या वर्षी दुबार पेरणीची वेळ येते, त्या वर्षी माशांचीही पहिली ‘पेरणी’ वाया गेलेली असते, एवढे मात्र समजून असावे. ज्या जाती एकाच हंगामात टप्प्याटप्प्याने अंडी घालतात, त्यांना दुसरी संधी मिळते. ज्या एकदाच घालतात, त्यांना मिळत नाही.

दुसरे वैशिष्ट्य असे की तापी व पूर्णा यांना येणारा पूर पुष्कळदा स्थानिक पावसाचा नसतो. बैतूल, बऱ्हाणपूर, मेळघाट आणि विदर्भातील अकोला भागात पाऊस झाला की जळगाव जिल्ह्यात कोरड्या आभाळाखाली नदी चढते. काठावरच्या माणसाला पुराची चाहूल नसते. मुख्य नदीतील माशांना मात्र गढूळ पाण्याची चव आधीच मिळालेली असते.

बंधारे, धरणे आणि फळ्या

पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. शेतकऱ्यांनी सामूहिकपणे चालवलेली ही सिंचनव्यवस्था काही शतके जुनी असून ती धुळे जिल्ह्याचे भूषण मानली जाते. नदीत आडवा दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाच्या पाण्यावर भिजणारे फड, अशी तिची रचना असते. हे बंधारे बुटके असतात. मोठ्या पुरात ते पूर्णपणे बुडतात व माशांना वरून वाट मिळते. पूर मध्यम असला तर मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी साचतात आणि वरून पडणाऱ्या पाण्यावर उड्या घेताना दिसतात. चढण पाहण्यासाठी याहून चांगली जागा खानदेशात क्वचितच सापडेल.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या गाळ्यांत बसवलेल्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढायच्या आणि पावसाळा संपताना पुन्हा बसवायच्या, अशी मूळ योजनाच आहे. पुराच्या पाण्याने बंधाऱ्यास इजा होऊ नये व गाळ वाहून जावा, हा त्यामागचा हेतू. माशांचा विचार त्यात नव्हता. पण फळ्या वेळेवर काढल्या गेल्या तर चढणाऱ्या माशांसाठी नदी आपोआप मोकळी होते. त्या पहिल्या पुरानंतर काढल्या, तर चढणीचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. मत्स्यसंवर्धनासाठी एक रुपयाही जादा खर्च न करता करता येण्याजोगी अशी ही एकच गोष्ट असावी, आणि तिची चर्चा फारशी होत नाही.

मोठ्या धरणांना असा उपाय लागू पडत नाही. भुसावळजवळील तापीवरील हतनूर धरणास ४१ दरवाजे आहेत. गिरणेवर नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात गिरणा धरण आणि त्याखाली जळगाव जिल्ह्यात जामदा व दहिगाव येथील बंधारे आहेत. पांझरेवर अक्कलपाडा, तर तापीवर खाली सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज आहेत. गुजरातेत त्याहून खाली उकाई धरण व काकरापार बंधारा येतात. म्हणजे समुद्रापासून हतनूरपर्यंतची तापी ही आता एक सलग नदी राहिलेली नसून एकापाठोपाठ एक जलाशयांची माळ झाली आहे. खालून वर चढण्याची लांब पल्ल्याची वाट त्यामुळे तुटली. त्याऐवजी प्रत्येक जलाशयातील मासे त्या जलाशयाला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांत चढतात. हतनूरच्या फुगवट्यातून तापी व पूर्णा या दोन्हींच्या वरच्या अंगाला चढण होऊ शकते. फुगवट्याचे गवताळ काठ जुलैमध्ये पाण्याखाली जातात तेव्हा तेही अंडी घालण्याच्या जागा बनतात.

नदीपात्रातील वाळूचा उपसा हा याहून अलीकडचा आणि अधिक उघडा आघात आहे. वाळू व गोटे यांच्या थरावर काही जाती अंडी घालतात. तेथे खोल खड्डे पडले की पुराचे पाणी उथळ पसरत नाही, आणि पूर ओसरल्यावर पिले त्या खड्ड्यांत अडकून राहतात.

कोणते मासे चढतात

खवल या लहान कार्पांच्या अनेक जाती, ओढ्यातील दगडांना चिकटून राहणारा मळ्या, शिंगटा, शिवडा, वाम, मरळ, मांगूर आणि शिंगी हे मासे राज्यभर चढणीत आढळतात. नावे गावोगाव बदलतात. एकच मासा दोन नद्यांवर दोन नावांनी ओळखला जातो आणि एकच नाव दोन वेगळ्या माशांना लावले जाते, तेव्हा केवळ नावावरून जात ठरवू नये. चढणीत संख्येने सर्वांत जास्त मासे बोटभर ते वीतभर लांबीचे असतात. शिवडा हा मोठा शिकारी मासा लहान माशांच्या मागे उथळ पाण्यात शिरतो आणि तेथेच स्वतःही अंडी घालतो.

रोहू, कटला व मृगळ हे आज खानदेशातील बाजारात नित्याचे मासे असले तरी ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातील आहेत. दख्खनच्या नद्या व जलाशयांत त्यांचे बीज सोडण्यात आले. मत्स्यव्यवसायात बीजाच्या अवस्थांना मत्स्यजिरे, अर्धबोटुकली व बोटुकली अशी नावे आहेत. ती मराठीतील उत्तम पारिभाषिक शब्दांत गणली जावीत, इतकी नेमकी आहेत. आफ्रिकेतील चिलापी हा मासाही आता सर्वत्र पसरला आहे. त्याला पुराची गरज नाही. तो साचलेल्या पाण्यात वर्षभर पिले देतो व तोंडात धरून त्यांचे रक्षण करतो. चढणीवर अवलंबून असलेल्या देशी जाती घटतात तेव्हा रिकामी झालेली जागा हा मासा भरून काढतो. आफ्रिकी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर भारत सरकारने २००० साली बंदी घातली. देशी मांगूर आणि हा यांत गल्लत होऊ नये.

मासेमारी व तिची मर्यादा

तापी व तिच्या उपनद्यांच्या काठी भोई, कोळी आणि भिल्ल समाजातील कुटुंबे परंपरेने मासेमारी करतात. जलाशयांतील मासेमारी बहुतांशी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. चढणीच्या वेळी मात्र केवळ मच्छीमारच नव्हे, तर गावातील कोणीही हाताला लागेल ते साधन घेऊन नाल्यावर जातो. फेकजाळे, बांबूचे सापळे, जुनी साडी, मच्छरदाणी, टोपली, आणि रात्री विजेरीच्या उजेडात काठी किंवा कोयता. नाल्याच्या अरुंद तोंडाशी आडवे जाळे लावले तर एका रात्रीत त्या नाल्यात चढू पाहणारे बहुतेक सारे मासे पकडले जाऊ शकतात.

चढणीचे मासे चवीला उत्तम मानले जातात, कारण त्यांच्या पोटात गाभोळी असते. नेमके हेच त्यांच्या नाशाचे कारण आहे. वर्षाच्या इतर काळात पकडलेला एक मासा हा एकच मासा असतो. जूनमध्ये पकडलेली मादी ही तिच्या अंड्यांसह जाते. या शिकारीचे समर्थनही केले जाते. पावसाच्या तोंडावर गरीब घरातील धान्य संपत आलेले असते, मजुरी मिळत नाही, आणि ओढ्यात आलेला मासा हे फुकट मिळणारे सकस अन्न असते. हे खरे आहे. टोपलीने चार मासे धरणारे कुटुंब आणि नाल्याचे तोंड मच्छरदाणीने बंद करणारी किंवा पाण्यात विषारी औषध टाकणारी टोळी यांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे होणार नाही. पहिल्या प्रकाराने शेकडो वर्षांत मासे संपले नाहीत. दुसऱ्याने एखादा ओढा काही हंगामांत निर्मत्स्य होऊ शकतो.

परतीच्या काळात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, पिले मोठ्या पाण्याकडे उतरतात. त्या वेळी ती तांदळाएवढी किंवा बोटाच्या पेराएवढी असतात. बारीक आसाच्या जाळ्यात सापडणारी ही पिले वाळवून विकली जातात किंवा फेकली जातात. चढणीच्या शिकारीइतकीच ही हानी गंभीर असूनही तिच्याकडे कमी लक्ष जाते.

कायदा

१८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात स्फोटके किंवा विष टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. जाळ्याच्या आसाचा आकार, नदीत लावायचे स्थिर सापळे व बांध, तसेच मासेमारी बंद ठेवण्याचा काळ, यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांना दिला. राज्यस्थापनेच्याच वर्षी महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० हा कायदा झाला. पावसाळ्यातील ज्या मासेमारीबंदीची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते, ती १ जून ते ३१ जुलै या काळातील बंदी समुद्रातील यांत्रिक नौकांसाठी असते. तिचा ओढ्या-नाल्यांशी संबंध नाही, परंतु अनेकांचा तसा समज असतो.

कायद्याहून जुनी संरक्षणाची एक रीत महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळण कोंड या डोहातील महसीर मासे देवीचे मानले जातात व कोणी मारत नाही. पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठी तिळसे येथील शिवमंदिराजवळील डोहातही अशीच प्रथा आहे. असा एक राखलेला डोह त्या नदीच्या कित्येक मैलांना दरवर्षी पिले पुरवू शकतो. कारण जे मासे उन्हाळ्यात तेथे तग धरतात, तेच पावसात बाहेर पडतात.

निरीक्षण

चढण पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही, पण वेळ साधावी लागते. नाला प्रथमच सलग वाहू लागल्यानंतरचे एक ते तीन दिवस महत्त्वाचे असतात. पूर ऐन भरात असताना काही दिसत नाही. पाणी किंचित उतरू लागले आणि त्याचा रंग दाट चहासारखा झाला की मासे प्रवाहाच्या कडेकडेने चढू लागतात. पहाट, सायंकाळ व रात्रीचा पूर्वभाग या वेळा चांगल्या. फरशी पुलाच्या खालच्या बाजूस, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी, बंधाऱ्याच्या सांडव्याखाली आणि पाझर तलावाच्या सांडव्याजवळ ते एकवटतात, कारण तेथे पाण्याला पायरी असते व त्यांना थबकावे लागते. उडी घेण्यापूर्वी मासा काही क्षण कडेच्या संथ पाण्यात स्थिर होतो. तो क्षण पाहण्यासारखा असतो.

अंडी घालण्याची क्रिया बहुधा आवाजावरून कळते. गवतात बुडालेल्या काठावर पाणी खळबळते, एका मादीमागे दोन-तीन नर तिच्या बाजूंना अंग घासत फिरतात, शेपट्यांचे फटकारे ऐकू येतात. मग काही क्षण शांतता, आणि पुन्हा तेच. अशा वेळी विजेरीचा झोत सरळ पाण्यावर टाकू नये. मासे बिथरून उथळ पाण्यातून निसटतात व अंडी न घालताच परततात. उजेड बाजूच्या गवतावर टाकला तरी पुरेसे दिसते. पाण्यात उतरू नये. अंडी गवताला चिकटलेली असतात आणि पावलाखाली चिरडतात.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी खानदेशात विशेष महत्त्वाच्या आहेत. तापीकाठी हतनूरचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढते, आणि वर म्हटल्याप्रमाणे स्थानिक पाऊस नसतानाही हे घडू शकते. धरणाच्या भोंग्याचा इशारा व प्रशासनाच्या सूचना पाळाव्यात. पाणी वाहत असलेल्या फरशीवर तर कधीही उभे राहू नये. गुडघ्याहून कमी पाणीही माणसाला ओढून नेते. शिवाय याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात. रात्री बूट घालूनच काठावर जावे.

नियमित नोंदी ठेवल्यास त्यांचा उपयोग होतो. नाला पहिल्यांदा कधी वाहिला, त्याआधी किती पाऊस पडला, मासे कोणत्या दिवशी दिसले, कोणत्या जाती होत्या, पाणी पुन्हा केव्हा आटले, एवढे पाच मुद्दे दरवर्षी एकाच जागेवरून टिपले तरी दहा वर्षांत त्या नाल्याचा इतिहास तयार होतो. नदीकाठच्या शाळांतील विद्यार्थ्यांना हे काम सहज जमण्यासारखे आहे, कारण शाळा त्याच सुमारास उघडतात आणि गावातील कोणत्या मोरीखाली मासे येतात हे मुलांना गुरुजींपेक्षा आधी ठाऊक असते.

इतर देशांतील समान घटना

पाण्याच्या कडेला येऊन अंडी घालणाऱ्या माशांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील ग्रुनियन या मासळीचे आहे. हे वीतभर लांबीचे चंदेरी मासे मार्च ते ऑगस्ट या काळात पौर्णिमा व अमावास्येनंतरच्या काही रात्री, मोठी भरती ओसरू लागताच, लाटेबरोबर चक्क वाळूवर येतात. मादी शेपटीने ओल्या वाळूत भोक पाडून अर्धी आत उभी राहते व अंडी घालते, नर तिच्याभोवती वेढा घालतात, आणि पुढच्या लाटेबरोबर सारे परत जातात. अंडी वाळूत पुरलेली राहतात व सुमारे दोन आठवड्यांनी पुढच्या मोठ्या भरतीच्या लाटांनी घुसळली गेली की फुटतात. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॅपेलिन नावाचे मासे जून-जुलैत असेच किनाऱ्यावर लोटतात, आणि जपानमध्ये फुगू माशाची एक लहान जात अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीस गोट्यांच्या किनाऱ्यावर येते.

खानदेशातील चढणीशी तुलना करता एक मूलभूत फरक दिसतो. ग्रुनियनचे घड्याळ चंद्राचे आहे. त्यामुळे त्यांच्या येण्याच्या तारखा व वेळा तेथील शासकीय मत्स्यविभाग आगाऊ छापून देतो, आणि लोक ठरवून पाहायला जातात. पांझरेच्या बंधाऱ्याखाली मासे कधी येतील, याचे असे वेळापत्रक करता येत नाही. ते आभाळावर अवलंबून असते. कॅलिफोर्नियात ग्रुनियन पकडायचे तर फक्त हातांनी. जाळे, सापळा किंवा वाळूत खणलेला खड्डाही चालत नाही. २०२२ पासून एप्रिल, मे व जून हे तीन महिने पकडण्यास पूर्ण बंदी असून उरलेल्या काळात माणशी दिवसाला ३० मासे एवढीच मुभा आहे. बंदीच्या महिन्यांतही रात्री किनाऱ्यावर गर्दी असते, ती केवळ पाहणाऱ्यांची. यांतील काही स्वयंसेवक २००२ पासून किनाऱ्याकिनाऱ्यावर मासे किती आले याच्या नोंदी करून त्या शास्त्रज्ञांकडे पाठवतात.